रात्री कोण उठतं? खंगत चाललेल्या वडिलांच्या घरच्या सेवेचं एक प्रकरण

माझ्या वहीत या प्रकरणाचा रुग्ण म्हणून नोंद आहे ती ८४ वर्षांच्या आबांची. पण त्या घरात मी पहिली मलमपट्टी केली ती त्यांच्या धाकट्या सुनेच्या हाताला. ऑगस्टमधली सकाळ होती. चुलीपुढं भाकरी उलटता उलटता तिचा डोळा लागला आणि डावा पंजा तापल्या तव्यावर टेकला. शेजारची मुलगी मला बोलवायला आली. मी हात धुऊन, मलम लावून बांधत होते तेव्हाही ती पेंगत होती.

"रात्री कितीदा उठलीस?"

"मोजलं न्हाई मॅडम. उठायलाच लागतंय की."

सोप्यात कॉटवर आबा होते. मला बघून त्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

गाव तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागांचं. मी गेली बरीच वर्षं या भागात घरी जाऊन वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना तपासते. कुटुंबाच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आबा प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. घरात पत्नी (सगळे तिला आई म्हणतात, वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले), धाकटा मुलगा, सून आणि अकरावीतली नात. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी मिरजेला दिलेली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आबा सायकलवरून बागेत जायचे. मग सायकल सुटली, काठी आली. एका पहाटे न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, हाड छान जुळलं, पण माणूस पहिल्यासारखा उठला नाही. वॉकरवरून दोघांच्या आधारावर, आणि दोघांच्या आधारावरून कॉटवर. दोन वर्षांत वजन ६१ किलोवरून ४७ वर आलं. सोबत हृदयाचा अशक्तपणा, मधुमेह, वाढलेलं प्रोस्टेट. स्मृती सकाळी बरी, संध्याकाळनंतर विरळ.

वृद्धांची क्षीणता मोजायला एक ते नऊ अशी एक पट्टी वापरतात. कॅनडातल्या रॉकवूड यांच्या गटानं ती २००५ मध्ये पहिल्यांदा मांडली, तेव्हा तिच्यात सातच पायऱ्या होत्या. आबा सातव्या पायरीवर होते, म्हणजे आंघोळ, कपडे, शौच सगळ्याला दुसऱ्याचा हात लागणारे, पण लगेच जातील असं नाही. ही पायरी महिनोन् महिने चालू शकते, आणि म्हणूनच घराला जड जाते. शेवटचे आठ दिवस कुठलंही घर धावपळ करून काढतं. आठ महिने काढायला वेगळी तयारी लागते.

रात्रींचा तक्ता

सेवा करणाऱ्यावरचा ताण मोजायची २२ प्रश्नांची झरिट प्रश्नावली माझ्याकडे आहे. मी ती सुनेला विचारली. "सासऱ्यांमुळे तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का?" ती म्हणाली, न्हाई. "चीड येते का?" न्हाई. सगळ्या प्रश्नांना न्हाई. सासू पलीकडे तांदूळ निवडत बसलेली. अशा घरात सुनेनं त्या प्रश्नांना हो म्हणायचं म्हणजे अब्रू चव्हाट्यावर मांडायची. चूक तिची नव्हती, माझ्या विचारण्याची होती. मनाला विचारण्याऐवजी घड्याळाला विचारायला हवं होतं.

नातीच्या शाळेच्या वहीतलं एक पान घेतलं. रकाने आखले: किती वाजता, कोण उठलं, कशासाठी. वही कॉटच्या उशाशी सुतळीनं बांधली. नात म्हणाली, "मी बघते कोण लिहायचं विसरतंय ते." सात रात्री.

आठव्या दिवशी मी धाकट्या मुलाला पान वाचायला दिलं. एकूण ३८ वेळा उठणं. सून ३३, मुलगा ३, नात २. तो बराच वेळ पानाकडं बघत राहिला. तो सोप्याच्या लगतच्या खोलीतच झोपायचा आणि त्याला खरोखर वाटत होतं की आबा रात्री शांत झोपतात. दिवसभर बागेत राबून आडवा झालेला माणूस, त्याला हाक ऐकू येत नव्हती. तिला येत होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं. सेवा "सगळे मिळून" चालली आहे असं घरातला प्रत्येकजण मनापासून मानत होता.

मग तिसरा रकाना बघितला. लघवीसाठी २१ वेळा. घाबरून हाका मारणं, भलतंसलतं बोलणं ९. ओलं अंथरूण ५. पायात गोळे ३. पाणी मागितलं, शून्य. ऑगस्टचा उकाडा, ८४ वर्षांचा माणूस, आणि सात रात्रींत एकदाही पाणी नाही. त्या शून्याचा अर्थ मला लगेच कळला नाही.

लघवीचा कळला. औषधांची पिशवी कॉटवर ओतली. अकरा प्रकार निघाले, त्यात दोन एकच औषध वेगवेगळ्या नावांनी. अंगातलं पाणी कमी करणारी फ्युरोसेमाइडची गोळी कागदावर "सकाळी" अशी होती, पण घरात ती संध्याकाळच्या दुधाबरोबर दिली जायची. कारण साधं होतं. सकाळी सगळे बागेत, घरात फक्त आई, आणि आईंच्यानं आबांना धरवत नाही. दिवसाची सोय बघून गोळी संध्याकाळी सरकली होती. ही गोळी तासाभरात काम सुरू करते आणि साधारण सहा तास चालते. म्हणजे तिचा सगळा जोर मध्यरात्रीपर्यंत. आम्ही ती सकाळी सातला आणली, मुलगा घरात असतो त्या वेळेला, आणि दिवसासाठी लघवीची प्लास्टिकची बाटली आणली. उठवायचंच नाही, कुशीवर करून बाटली लावायची. आईंना हे दोन दिवसांत जमलं. शिवाय दुपारी तासभर आबांचे पाय लोडावर उंच ठेवायला सांगितले. दिवसभर पायात उतरलेलं पाणी झोपायच्या आधीच लघवीवाटे निघून जातं, नाहीतर माणूस रात्री आडवा झाला की ते परत रक्तात येतं आणि त्याला उठवतं.

हाकांचं कारण एक नव्हतं. रात्रीच्या बडबडीत आबा हजेरी घ्यायचे. एकामागून एक मुलांची नावं, मध्ये थांबून "गैरहजर?" असं विचारायचे. घरच्यांना ते म्हातारचळ वाटत होतं. मी ग्लुकोमीटर ठेवून दिला आणि असं झालं की बोट टोचून बघा म्हणाले. दोन रात्री साखर ६२ आणि ५८ निघाली. निम्मी भाकरी खाणाऱ्या माणसाला पूर्ण जेवणाऱ्याची ग्लिमेपिराइड, साखर उतरवणारी गोळी, चालू होती. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.४ आला होता आणि तो रिपोर्ट बघून सगळे खूश होते. तरुणाला शोभणारा आकडा इतक्या क्षीण माणसाच्या जिवावर बेततो. त्यांना ८ च्या आसपासही चालतं, साखर खाली जाऊन चालत नाही. ती गोळी बंद केली. दुसरं कारण होतं सर्दीची गोळी. "तिनं झोप चांगली लागती" म्हणून गावातल्या दुकानातून आणलेली. या जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळ्या म्हाताऱ्या मेंदूत गोंधळ करतात आणि वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये लघवी अडवतात. तिसरं कारण बद्धकोष्ठ, सहा दिवसांचं. इसबगोल चालू होतं, पण पाणी न पिणाऱ्याला इसबगोल दिलं तर ते आत घट्ट बसतं. ते थांबवून लॅक्टुलोज सुरू केलं. अकरा औषधांची पाच झाली. हजेरी पूर्ण थांबली नाही, पण रोजची आठवड्यातून एकदोनदा झाली.

आबांना कुणी विचारलं नव्हतं

शून्याचा उलगडा आबांनीच केला. ते सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्यात टवटवीत असतात असं वहीतून दिसत होतं, म्हणून मी मुद्दाम त्या वेळेला गेले. बाकीच्यांना बाहेर बसवलं. त्यांचा उजवा कान चांगला, त्या बाजूला स्टूल घेतलं. आबा, पाणी का पीत नाही?

बराच वेळ गेला. मग हळू आवाजात म्हणाले, "चारनंतर प्यालो की रात्री सूनबाई उठते."

पुढं म्हणाले, "ती मला धुते. तिनं का धुवायचं? माझा मुलगा धडधाकट आहे."

चार वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हा माणूस सुनेला उठायला लागू नये म्हणून घोटभर पाणी घेत नव्हता. त्यानं रक्त आटत होतं, भ्रम वाढत होता, आणि भ्रमामुळे तिला जास्तच उठावं लागत होतं. वर्षभर घरात त्यांच्या जेवणाविषयी, औषधांविषयी, कॉट कुठं ठेवायची याविषयी बोलणी झाली होती. त्यांच्याशी एकदाही नाही. "त्यांना काय कळतंय आता" हे वाक्य मी जवळपास प्रत्येक घरात ऐकते. त्याचा मला राग येतो, तो मी इथं लपवत नाही.

त्याच दिवशी मी अजून एक विचारलं. तब्येत जास्त बिघडली तर काय करायचं? ते म्हणाले, मिरजेला परत नेऊ नका, नळ्या नकोत, इथंच राहू द्या. मी ते वहीत तारखेसह लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा मागितला. पान डोळ्यांजवळ नेलं आणि "परिस्थिति" खाली बोट ठेवलं. "ती दीर्घ." मी दुरुस्त केलं. मग थरथरत्या हातानं सही केली. मनाची पारख करायच्या चाचण्या असतात, त्याही मी घेतल्या, पण मला ते दीर्घ वेलांटीचं बोट जास्त पटलं.

सोप्यातली बैठक

रविवारी सगळ्यांना बसवलं. मुलगी मिरजेहून आली, थोरला पुण्याहून. थोरला रोज रात्री नऊला फोन करायचा, काय दिलं, किती दिलं, हे द्या, ते देऊ नका. महिन्याला पैसे पाठवायचा. त्याची काळजी खरी होती, पण फोनवरच्या सूचना ज्या हातांना पाळायच्या होत्या ते हात आधीच भाजलेले होते. मी काही बोलले नाही. तक्ता फिरवला. नंतर आबांचं पाण्याचं वाक्य सांगितलं. आई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

थोरला म्हणाला, "बाई ठेवू या, पैशांचं मी बघतो." आई आतूनच म्हणाल्या, "परकी बाई त्यांना न्हायला घालणार व्हय?" धाकटा गप्प. त्याला आबांची बाटली लावायची, धुवायचं याची लाज वाटत होती, आणि ती लाज त्याला सांगताही येत नव्हती. ज्या बापापुढं पाय पसरून बसला नाही, त्या बापाचं धोतर सोडायचं. मी त्याला सुचवलं की पहिल्यांदा अंधारात कर, दिवा नको, वर चादर राहू दे, हात चादरीखालून घाल. चार दिवसांनी त्यानं आपणहून सांगितलं, आता दिवा लावतो.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. आईवडिलांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा जो केंद्रीय कायदा २००७ साली झाला, त्यात "मुले" या शब्दाची व्याख्या आहे. मुलगा, मुलगी, नातू, नात, आणि तेही सज्ञान. त्या व्याख्येत सून नाही. आपल्या घरांत मात्र ३८ पैकी ३३ वेळा सून उठते. तिनं सेवा करू नये असं मी म्हणत नाही. तिनं आबांना जे प्रेम दिलं ते मी पाहिलं आहे. पण जबाबदारीचा पहिला हक्कदार झोपलेला आणि ती जागी, ही वाटणी कुणीतरी ठरवून केलेली नव्हती. ती पडत गेली होती. पडत गेलेली वाटणी बसून बदलता येते.

ठरलं ते असं. रात्री साडेनऊ ते अडीच मुलगा, अडीच ते सहा सून. मुलगी दर शनिवारी-रविवारी मुक्कामाला, त्या दोन रात्री पूर्ण तिच्या, सून आतल्या खोलीत दार लावून झोपणार. दार लावून, हे मी दोनदा म्हणाले, कारण उघड्या दाराआड तिला झोप लागणार नव्हती. थोरल्यानं महिन्यातून चार दिवस यायचं, आणि पाहुणा म्हणून नाही, चार रात्री काढायला. पाणी सकाळी सहा ते दुपारी चारमध्ये आठ फुलपात्री. हृदयासाठी त्यापेक्षा जास्त नको, भ्रमासाठी त्यापेक्षा कमी नको. आणि आबांना रोज सांगायचं, आज रात्री मुलगा आहे.

केरळात १९९० च्या दशकापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अशा रुग्णांची जबाबदारी वाटून घ्यायची रीत रुजली आहे. आपल्याकडे ती नाही, पण आबांचे विद्यार्थी होते. त्यांतले दोघे बुधवारी दुपारी येऊन बसू लागले, पेपर वाचून दाखवू लागले. त्या दोन तासांत आई देवळात जायच्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परत तक्ता धरला. उठणं १९. त्यांत सून ८.

कातडी आणि घास

पहिल्याच भेटीत कमरेखाली, माकडहाडाच्या वर, रुपयाएवढा लाल डाग होता. बोटानं दाबला तरी पांढरा पडत नव्हता. ही शय्याव्रणाची पहिली पायरी. घरात त्यावर स्पिरिट चोळून पावडर मारायचे आणि खाली रबरी हवेची रिंग ठेवायचे, जी थोरल्यानं प्रेमानं पाठवली होती. दोन्ही थांबवलं. चोळल्यानं आधीच रक्त कमी पडलेली कातडी आतून फाटते, आणि रिंग कडेनं दाब देऊन मधल्या भागाचं रक्त तोडते. फुगे भरत-सोडत राहणारी हवेची गादी भाड्यानं आणली. कुशीवर पूर्ण वळवायचं नाही, त्यानं खुब्यावर भार येतो. पाठीमागं गुंडाळलेली वाकळ सारून अंग अर्धवट, तीसेक अंशांत कललेलं ठेवायचं. पोटऱ्यांखाली घडी, म्हणजे टाचा अधांतरी. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलून सरकवायचं. काखेत ओढल्यानं कातडी सोलते आणि ओढणाऱ्याची कंबरही जाते. दिवसा दर दोन तासांनी कूस, रात्री मात्र गादी आल्यावर आणि रोज सकाळी कातडी तपासायच्या अटीवर चार तासांनी. कूस बदलणं आणि बाटली लावणं एकाच उठण्यात. डाग तीन आठवड्यांत गेला, आणि शेवटपर्यंत जखम झाली नाही. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल तर याचं.

चहा पिताना ठसका लागायचा. पातळ पदार्थ घशातून वेगानं उतरतो, त्यांचा घसा तेवढ्या वेगानं मिटत नव्हता. भाकरी दुधात कुस्करून, हुलग्याचं माडगं, नाचणीची दाटसर आंबील, मऊ भात-वरण तूप घालून. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, पहिला घास उतरला की दुसरा. तोंडात घास असताना बोलायला लावायचं नाही. हे आईंना कठीण गेलं, त्यांना त्यांच्याशी गप्पा मारत भरवायची सवय. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं.

छाटणी

ऑक्टोबरमध्ये ही सगळी घडी विस्कटली. तासगाव भागात द्राक्षाची फळछाटणी याच दिवसांत होते. छाटणी झाली की पुढचे दोन महिने बाग तान्ह्या मुलासारखी. ढग आले, दव पडलं की डाऊनी या बुरशीची भीती, औषध फवारायला पहाटे ट्रॅक्टर काढायचा. वर्षाचं उत्पन्न या दिवसांवर. मुलगा अडीचपर्यंत जागून साडेचारला बागेत जायला लागला. बाराव्या दिवशी तो ट्रॅक्टरसह बांधावरून कलला. लागलं नाही, पण मी त्या संध्याकाळी गेले आणि म्हणाले, हे असं नाही चालायचं.

बैठकीतली आखणी शेतीचं कॅलेंडर न बघता केली होती, ही माझी चूक. मी या भागात राहते, मला छाटणी माहीत होती. शेतकरी घराच्या रात्री सुगी बघून वाटायला हव्यात, हे मी तेव्हापासून धरून चालते.

आता रात्रीसाठी माणूस ठेवणं भाग होतं, आणि पुरुष माणूस, आबांचं म्हणणं तेच होतं. तासगावातून एकजण मिळाला, रात्री आठ ते सकाळी आठ. खर्चाचा प्रश्न आला तेव्हा कळलं की आबांची पेन्शन जवळपास अख्खी नातीच्या नावच्या ठेवीत जाते. पासबुक आईंकडे. "पोरीच्या शिक्षणाचं हाय ते," आई म्हणाल्या. या जागी मी सहसा तोंड घालत नाही. तेव्हा घातलं. म्हणाले, आई, ही पेन्शन सरकार आबांना त्यांच्या म्हातारपणासाठी देतं, आज त्यांचं म्हातारपण कॉटवर आहे. नातच म्हणाली, "आज्जी, माझं बघू नंतर." डिसेंबरअखेरपर्यंत अर्धा पगार पेन्शनीतून गेला, अर्धा थोरल्यानं दिला.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला आला. आधीच्या वर्षी आबांना खुर्चीत बसवून, टेम्पोत घालून बँकेत नेलं होतं. ७० वर्षांवरच्या आणि अपंग किंवा आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, त्यात हयातीचा दाखलाही येतो, अशी सूचना रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना दिली आहे. अर्ज दिला, बँकेचा माणूस घरी आला. त्याला चहा झाला. तोही आबांचा विद्यार्थी निघाला.

डिसेंबर

थंडी वाढली तसे आबा मिटत गेले. घास गालात धरून ठेवायला लागले. दिवसातले वीस तास झोप. पंधरवड्यात ताप, छातीत कफ, श्वास मिनिटाला ३०. थोरला रात्री अकराला गाडी घेऊन दारात, पुण्याला अतिदक्षता विभागात खाट ठरवूनच आला होता. "बापाला असंच टाकायचं का?" तो धाकट्याला म्हणाला, आणि घरात आवाज चढले.

मी वहीतलं पान काढलं. सही दाखवली. हे कायद्याच्या दृष्टीनं पूर्ण इच्छापत्र नाही, हेही सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली, त्यात दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. आम्ही ते ऑगस्टमध्येच करून घ्यायला हवं होतं. पण कोर्टात जायचं नव्हतं, एका मुलाला पटवायचं होतं. त्यानं पान वाचलं. खोडून केलेली दीर्घ वेलांटी बघितली. "हे त्यांनीच दुरुस्त केलं?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. तो ओसरीवर जाऊन बसला आणि त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली.

नाकातून नळी घालून भरवायचं का, हा प्रश्न त्यानंच दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारला. उपाशी ठेवतोय असं वाटतं, म्हणाला. हे वाटणं अगदी खरं असतं, ते उडवून लावता येत नाही. मी मला ठाऊक असलेलं सांगितलं. वाढलेल्या स्मृतिभ्रंशात नळीनं आयुष्य वाढत नाही, छातीत अन्न जाणंही थांबत नाही, उलट हात बांधावे लागतात. म्हणून अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीनं २०१४ मध्ये हातानं सावकाश भरवण्याचीच शिफारस केली. आबांचा आजार नेमका तोच नव्हता, पण शरीर त्याच उतारावर होतं, आणि नळी नको हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पोटात अन्न नाही म्हणून ते जात नव्हते. जात होते म्हणून भूक मिटली होती. घरीच पातळ औषधाची अँटिबायोटिक, डोकं उंच, तोंडावर पंख्याची हलकी झुळूक, दर तासाला ओल्या कापसानं ओठ. त्या खेपेला ताप उतरला. आबांनी एक चमचा आंबील मागून घेतली. अजून पाच आठवडे मिळाले.

या पाच आठवड्यांत थोरला दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्यानं रात्री काढल्या. एका पहाटे त्यानं मला फोन केला, काही विचारायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं, आबांनी हजेरीत त्याचं नाव घेतलं आणि तो "हजर" म्हणाला.

जानेवारीच्या शेवटी पहाटे चारच्या सुमाराला आबा गेले. डिसेंबर संपल्यावर नेमलेला माणूस सोडला होता, धाकट्यानं बाग मजुरांवर टाकून ती रात्र स्वतः घेतली होती. श्वासांत अंतर पडायला लागलं तेव्हा काय होईल हे मी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी धावपळ केली नाही, सगळे येऊन बसले. दवाखान्याबाहेर झालेल्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला नमुना ४अ मध्ये द्यायचा असतो, तो मी सकाळी भरून दिला. ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करा एवढं सांगून मी बाहेर पडले.

तेरावं झाल्यावर चार दिवसांनी परत गेले. सुनेच्या पंजावरचा डाग फिका पडला होता. झोप लागते का, मी विचारलं. ती म्हणाली, अडीचला जाग येतीच. उठून सोप्यात जाते, तर तिथं आई बसलेल्या असतात. "आधीबी बसायच्या म्हणं, मला ठाऊकच न्हवतं."

आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "झोप कुठली? तू कवा उठतीस, पोरगा कवा उठतोय, त्यांच्या श्वासाचा आवाज येतोय का न्हाई, ऐकत पडायची. मला उठवत न्हवतं, ऐकू तरी येत हुतं."

नातीच्या वहीत मी तीन रकाने आखले होते. आईंचा आखलाच नव्हता. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब १७२ वर ९६ निघाला. गेल्या वर्षभरात कुणी मोजला नव्हता. मी वही उघडली, नवं पान काढलं आणि वर त्यांचं नाव लिहिलं.